दोन भाऊ, दोन बायपास आणि भरली वांगी

पत्र : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही ठाण्याला पाचपाखाडीत राहतो. ह्यांचं वय ५३. जूनमध्ये छातीत दुखलं, अटॅक निघाला आणि तिसऱ्या दिवशी बायपास करावी लागली. त्याच्या महिनाभर आधी आमच्या मोठ्या भाऊजींची (वय ६१) बायपास झाली होती. ते सहाव्या दिवशी घरी आले आणि तीन आठवड्यांत तलावपाळीला फेऱ्या मारायला लागले. ह्यांचं मात्र सगळंच उलट. पाच दिवस आयसीयू, अंगात ताप, दुसऱ्या रात्री हृदयाचे ठोके वेडेवाकडे झाले, तिसऱ्या दिवशी सीआरपी (अंगातला दाह दाखवणारा रक्तातला आकडा) २१२. तेराव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा तो ४२ होता. तेव्हापासून आम्ही दर आठवड्याला करून घेतोय : ३१, मग १८, आणि परवा पुन्हा २४. त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. घरी आल्यावर आठव्या दिवशी ह्यांनी हट्ट केला म्हणून मी भरली वांगी केली होती. वन्सं म्हणतात, त्यानंच आतली जखम पिकली. जाऊबाई तोंडानं काही बोलत नाहीत, फक्त ‘आमच्याकडे पथ्य कडक होतं हो’ एवढंच म्हणतात. मुलगा (२६) म्हणतो हे सगळं जनुकांवर असतं. त्यानं फोनवर एक चाचणी शोधून काढली आहे. घरबसल्या थुंकी पाठवायची, साडेबारा हजार रुपये. पण सख्ख्या भावांची जनुकं वेगळी कशी असतील? चाचणी करावी का? दोघांच्या डिस्चार्ज कार्डांचे आणि सगळ्या रिपोर्टांचे फोटो सोबत पाठवते. ता. क. हे रोज विचारतात, स्कूटर कधी चालवू?

उत्तर :

ताई, आधी वांग्यांचं उरकून टाकू.

तुम्ही पाठवलेल्या कागदांवरच्या तारखा मी एका ओळीत लिहून काढल्या. सीआरपी २१२ झाला तो ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, तुमचे यजमान आयसीयूत, नळीतून पाणी पीत होते. ठोके बिघडले ते त्याच्याही आदल्या रात्री. वांगी झाली एकविसाव्या दिवशी. त्याच्या आदल्या दिवशीचा रिपोर्ट ३१ आहे आणि वांगी खाल्ल्यानंतरचा १८. म्हणजे वन्संच्याच हिशेबानं बोलायचं, तर वांग्यानं सीआरपी उतरवला. तसंही काही नाही अर्थात. वांगं बिचारं दोन्हीकडून निर्दोष आहे. वांगं, भात, आंबट यांनी जखम पिकते हे माझी आईसुद्धा म्हणायची, माझ्या बाळंतपणातही तिनं मला दीड महिना वांग्याकडे बघू दिलं नाही. पण शिवलेली जखम जंतूंनी पिकते, वाढलेल्या साखरेनं भरायला वेळ लावते, भाजीनं तिला काही होत नाही. वांग्याच्या भाजीतलं तेल आणि मीठ बेतानं असलं म्हणजे झालं.

आता मुद्द्याचं. बत्तीस वर्षं मी भूलतज्ज्ञ म्हणून हृदयाच्या ऑपरेशनांना उभी राहिले. सर्जन छातीशी असतो, आम्ही डोक्याशी. आमच्या बाजूला पडदा, मॉनिटर, औषधांचे पंप, आणि पेशंटचा चेहरा. एकाच दिवशी, त्याच टेबलावर, त्याच सर्जनच्या हातून दोन ऑपरेशनं व्हायची. सकाळचा पेशंट संध्याकाळी नळी काढल्या काढल्या ‘चहा मिळेल का’ विचारायचा. दुपारच्या पेशंटचं रक्तदाबाचं औषध रात्रभर वाढवत न्यावं लागायचं, कारण त्याच्या रक्तवाहिन्याच ढिल्या पडलेल्या असायच्या. हातपाय गरम, चेहरा लालसर, आणि प्रेशर मात्र ऐंशीच्या वर जाईना. जंतू कुठेच नसायचे. अंगात नुसता दाह.

या शब्दापाशी जरा थांबते, कारण तुमच्या घरातला अर्धा गोंधळ इथला आहे. इन्फ्लमेशन म्हणजे दाह. इन्फेक्शन म्हणजे जंतुसंसर्ग. राउंडच्या घाईत डॉक्टर पहिला शब्द उच्चारतो, नातेवाईक दुसरा ऐकतात, आणि घरी पोचेपर्यंत त्याचं ‘आत पू झाला आहे’ होतं. हा अपराध मीही केलेला आहे. नवीन असताना एका पेशंटच्या मुलाला समजायला सोपं जावं म्हणून मी ‘थोडं इन्फेक्शनसारखंच’ असं म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी त्या घरच्यांनी डबा देणाऱ्या बाईला कामावरून काढलं होतं. तेव्हापासून दाह म्हणजे दाहच म्हणते.

दाह ही शरीराची स्वतःची आग आहे. कुठेही इजा झाली की शरीर तिथं पांढऱ्या पेशी धाडतं, रक्तवाहिन्या रुंदावतं, ताप आणतं. बायपासमध्ये इजा एका जागी नसते. छातीचं हाड उभं कापलेलं, पायातून शीर काढलेली, हृदय थंड औषधानं थांबवलेलं. आणि अंगातलं सगळं रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरवून आणलेलं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र माणसावर पहिल्यांदा यशस्वी झालं ६ मे १९५३ ला, फिलाडेल्फियात, जॉन गिबन यांच्या हातून. आम्ही थिएटरमध्ये त्याला नुसतं ‘पंप’ म्हणतो. पंपानं लाखो माणसं जगवली, पण रक्ताला रक्तवाहिनीच्या अस्तराखेरीज दुसरं काही माहीत नसतं. प्लास्टिकला टेकल्याबरोबर त्याला वाटतं, हल्ला झाला. पूर्ण प्रतिकारयंत्रणा एकदम जागी होते. त्यात थांबवलेल्या हृदयात रक्त परत सोडलं, की त्या परतण्यानंही आणखी थोडी आग लागते.

मग पेशी एकमेकींना निरोप धाडतात. त्यातला एक ठळक निरोप्या म्हणजे इंटरल्यूकिन-६. ऑपरेशननंतर काही तासांतच रक्तात त्याचं प्रमाण झपाट्यानं वाढतं. तो यकृताला सांगतो, की कामाला लाग, आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवायला घेतं. म्हणून सीआरपी जरा उशिरानं चढतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो. बायपासनंतर तिसऱ्या दिवशी दीडशे-दोनशे हा आकडा बघून आयसीयूतली सिस्टरसुद्धा भुवई उडवत नाही. सीआरपीला जंतूंच्या नावाची बदनामी चिकटली आहे, कारण १९३० साली तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला. पण यकृताला फक्त निरोप कळतो, तो जंतूंमुळे आला की करवतीमुळे, ते कळत नाही.

तुमच्या मुलाचा प्रश्न इथून सुरू होतो, आणि मुलगा चुकीचं बोलत नाहीये.

आमच्या सोसायटीत दोन वॉचमन आहेत. दिवसाचा आहे तो कुणी अनोळखी दिसला तर गेटवर जाऊन विचारतो. रात्रीचा आहे तो मांजर आडवं गेलं तरी शिट्टी वाजवून तिन्ही विंग जाग्या करतो. काम दोघांचं एकच, नियम एकच, स्वभाव वेगळा. आपल्या जनुकांमध्येही असे स्वभाव लिहिलेले असतात. इंटरल्यूकिन-६ कसं बनवायचं हे सातव्या गुणसूत्रावर लिहिलेलं आहे. ते जिथून सुरू होतं त्याच्या १७४ अक्षरं आधी एक अक्षर आहे, जे काही माणसांत ‘जी’ असतं आणि काहींत ‘सी’. आपल्या जनुकसंचात जवळपास तीन अब्ज अक्षरं असतात, त्यातलं हे एक. पण ते बटणाच्या जागी बसलेलं आहे. शिट्टी किती जोरात वाजवायची, यात त्याचा हात असावा, हे १९९८ पासून शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. २००३ साली इटलीतल्या हृदयतज्ज्ञांनी बायपासच्या शंभरावर रुग्णांत हे अक्षर तपासलं. ज्यांच्याकडे आईकडून आणि वडिलांकडून दोन्ही ‘जी’ आले होते, त्यांच्यात ऑपरेशननंतर इंटरल्यूकिन-६ जास्त चढलं आणि ठोके बिघडण्याचं प्रमाणही जास्त निघालं. तुमच्या यजमानांना दुसऱ्या रात्री जे झालं, नेमकं तेच. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, तुमच्या कार्डावर ‘एएफ’ लिहिलं आहे. बायपासनंतर साधारण दहातल्या तिघांना होतं, बहुतेकांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, आणि बरेचदा काही आठवड्यांत मागे लागणं सोडून देतं.

सहाव्या गुणसूत्रावर टीएनएफ नावाच्या दुसऱ्या निरोप्याचं असंच एक बटण आहे. आणि अशी इतरही.

मग सख्खे भाऊ वेगळे कसे? ताई, प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. मूल होताना आई आपल्या दोन प्रतींमधली एकच देते, आणि कुठली ते नाणेफेकीवर. मोठ्या मुलाच्या वेळी छापा, धाकट्याच्या वेळी काटा. वडिलांचंही तेच. म्हणून सख्ख्या भावांत सरासरी निम्मीच जनुकं तंतोतंत सारखी निघतात. एकाला आईचं नाक आणि दुसऱ्याला आजोबांचं टक्कल, हे तुम्ही घरात बघताच. सासूबाईंनी दोघांना एकच दूध पाजलं असेल, पण पत्ते वेगळे वाटले.

इथवर वाचून मुलगा खूश होईल. आता मात्र त्याला शेजारी बसवा.

तुम्ही दोन्ही कार्डं पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण साडेबारा हजारांच्या रिपोर्टापेक्षा त्या दोन कागदांवर जास्त उत्तरं आहेत. भाऊजींच्या कार्डावर ‘ऑफ-पंप’ लिहिलं आहे. म्हणजे त्यांचं ऑपरेशन हृदय धडधडत असतानाच झालं, पंप लावलाच नाही. ते ठरवून, तब्येत सांभाळून, वार बघून ॲडमिट झाले होते. दोन ग्राफ्ट, म्हणजे तुंबलेल्या रक्तवाहिन्यांना वळसा घालणाऱ्या दोन नव्या वाटा. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१. तंबाखू नाही. रक्त चढवलेलं नाही.

तुमच्या यजमानांचं कार्ड बघा. ताज्या अटॅकनंतर तिसऱ्या दिवशी ऑपरेशन, म्हणजे आग आधीच पेटलेली. चार ग्राफ्ट. पंपवर १४६ मिनिटं, त्यातली ९४ मिनिटं हृदय पूर्ण थांबवलेलं. साखर ९.२. तंबाखूच्या रकान्यात ‘होय’. अटॅकसाठी रक्त पातळ करणारी औषधं दिलेली होती, म्हणून ऑपरेशनच्या वेळी रक्तस्राव जास्त झाला आणि तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं. परक्याचं रक्त हेही प्रतिकारयंत्रणेला डिवचणारंच असतं. यातली प्रत्येक गोष्ट दाह वाढवणारी, आणि तुमच्याकडे सगळ्या एकदम जमल्या. या ढिगाऱ्यातून जनुकांचा वाटा नेमका किती ते वेगळं काढणं मला तरी जमणार नाही, आणि थुंकीच्या डबीलाही जमणार नाही. असेल वाटा, नक्कीच असेल. पण जाऊबाईंचं पथ्य आणि तुमचं पथ्य यांची तुलना होऊच शकत नाही, कारण दोघींचे नवरे वेगवेगळ्या ऑपरेशनांमधून आले आहेत. एक तलावपाळीची फेरी मारून आला, दुसरा येऊरचा डोंगर चढून. दोघांनाही दम सारखाच लागावा ही अपेक्षाच चूक.

मग चाचणी? माझं उत्तर, नको. कारणं सांगते, म्हणजे मुलाशी बोलताना तुमची अडचण होणार नाही.

ते ‘जी’ आणि ‘सी’ वालं संशोधन छोट्या छोट्या गटांवर झालं, आणि नंतरच्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. काहींत ‘जी’ त्रासदायक ठरला, काहींत ‘सी’, काहींत काहीच फरक नाही. शिवाय बहुतेक रुग्ण युरोपातले. तिकडे ‘सी’ भरपूर आढळतं. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत ते बरंच कमी, आपल्यातल्या बहुतेकांकडे दोन्ही ‘जी’च असतात. म्हणजे यजमानांचा रिपोर्ट ‘दाहाचा धोका जास्त’ असा लाल अक्षरात येण्याचीच शक्यता अधिक. भाऊजींनी थुंकी पाठवली तर त्यांचाही बहुधा तसाच येईल. माझाही. वन्संचाही! ज्या चाचणीत निम्म्याहून अधिक ठाणं लाल निघणार, तिच्यावरून एका माणसाबद्दल काय कळणार?

समजा कळलंही, की यांचा वॉचमन जोरात शिट्टी मारणारा आहे. पुढे काय करणार? दाह दाबण्याचं सगळ्यात जोरकस औषध म्हणजे स्टेरॉइड. ते सरसकट सगळ्यांना देऊन बघून झालं आहे. नेदरलँड्समध्ये ४,४९४ रुग्णांवर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड वापरून बघितलं, निकाल २०१२ साली आला. मग १८ देशांतल्या ७,५०७ रुग्णांवर मिथाइलप्रेडनिसोलोन हे दुसरं, निकाल २०१५ साली. पंपवर ऑपरेशन होणाऱ्यांना ते दिल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. आम्ही भूलतज्ज्ञ मंडळी कितीतरी वर्षं सवयीनं ते इंजेक्शन देत होतो, मीही दिलेलं आहे, विश्वासानं. कागदावर दाह कमी दिसायचा, पण पेशंटचं भलं होतंय असं मोजून दिसलं नाही. जनुकं बघून मोजक्यांनाच दिलं तर फायदा होईल का, हा चांगला प्रश्न आहे. तो संशोधकांना सोडवू दे. आणि यजमानांचं ऑपरेशन तर होऊनच गेलेलं आहे. लग्न लागून वरात घरी आल्यावर पत्रिका जुळवायला काढण्यासारखं आहे हे.

आणखी एक, जे जाहिरातीत लिहीत नाहीत. अशा पॅकेजांमध्ये कधीकधी एपीओई नावाचं जनुकही घातलेलं असतं. त्याचा एक प्रकार कोलेस्टेरॉलशी आणि दाहाशी जोडलेला आहे हे खरं, पण त्याच प्रकारानं म्हातारपणी अल्झायमर होण्याची शक्यताही वाढते. हृदयासाठी थुंकी पाठवायची आणि ५३व्या वर्षी विस्मरणाच्या भीतीचं पाकीट घरी यायचं. शिवाय ते जनुकीय असल्यानं मुलांनाही लागू होऊ शकतं. हे माहीत करून घ्यायचं असेल तर आधी समुपदेशकाशी नीट बोलून, डोळे उघडे ठेवून घ्या. सवलतीच्या पॅकेजमधून नको.

पण मुलाचा उत्साह वाया घालवू नका. त्याच्या वडिलांना पंचावन्नच्या आत अटॅक आला, काकांचीही बायपास झाली. या घरात आनुवंशिक म्हणून तपासण्यासारखं काही आहे, आणि ते दाहापेक्षा फार जवळचं आहे. मुलाची, आणि आणखी मुलं असतील तर त्यांचीही, उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल करून घ्या, आणि सोबत लायपोप्रोटीन-ए. लॅबमध्ये ‘एलपी-ए’ म्हणा, कळतं. हा कोलेस्टेरॉलचा एक चिकट भाऊबंद आहे. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून ठरते, लहानपणीच पक्की होते आणि पुढे पथ्यानं किंवा व्यायामानं फारशी हलत नाही. म्हणून आयुष्यात साधारण एकदा केली की पुरते. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ती जास्त समजतात. आपल्या लोकांत ती जास्त आढळते, आणि कमी वयात होणाऱ्या हृदयविकारामागच्या कारणांत तिचं नाव येतं. ती जास्त निघाली तर मुलानं काय करायचं? वाईट कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर यांवर इतरांपेक्षा लवकर आणि कडक लक्ष, आणि तंबाखूला हात नाही. वाईट कोलेस्टेरॉल १९०च्या वर निघालं तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा संशय धरून तज्ज्ञाकडे जायचं, मग मात्र जनुक-चाचणीला खरा अर्थ असतो. तशीच एक जागा म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेलची गोळी. यकृतातल्या एका जनुकाच्या फरकामुळे काहींच्या अंगी ती नीट लागतच नाही, आणि हा फरक आपल्याकडे बऱ्यापैकी आढळतो. यजमानांच्या औषधांत ती आहे. ती पुढे किती दिवस चालणार आणि चाचणीची गरज आहे का, हे कार्डिऑलॉजिस्टला विचारा. तो ‘गरज नाही’ म्हणाला तर विषय संपला.

आता तो २४.

फोटो मोठा करून बघितला. ४२, ३१ आणि १८ हे रिपोर्ट एका लॅबचे आहेत आणि २४ स्टेशनजवळच्या दुसऱ्या लॅबचा. दोन लॅबच्या यंत्रांत एवढातेवढा फरक असतो. शिवाय तुम्हीच पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘चार दिवस सर्दी’. जुलैतल्या ठाण्यात सर्दीनं सीआरपी तेवढा हलणारच. दर आठवड्याला सीआरपी करायला तुम्हाला सांगितलं कुणी? कार्डावर तरी तसं कुठे लिहिलेलं नाही. ज्या माणसाला ताप नाही, जखम कोरडी आहे, भूक लागते आणि जिना चढता येतो, त्याचा आकडा दर आठवड्याला काढून तुम्ही फक्त स्वतःची झोप घालवताय. पुढच्या भेटीत हा रिपोर्ट सर्जनना दाखवा आणि पुन्हा करायचा की नाही ते त्यांना ठरवू दे. एक बघा, कधी करायची वेळ आलीच तर एकाच लॅबमध्ये करा आणि एकक वाचा. काही लॅब लिटरवर देतात, काही डेसिलिटरवर, म्हणजे २४ चा २.४ होतो आणि उलटही.

थांबायचं नाही ते कशासाठी, तेही सांगते. अंगात १००.४ च्या वर ताप. छातीच्या टाक्यांतून पाणी किंवा पू, आजूबाजूला वाढती लाली. खोकताना, कुशीवर वळताना छातीचं हाड कट्कट् वाजणं. आडवं झाल्यावर दम लागणं, उठून बसल्यावर बरं वाटणं. एकाच पोटरीला नव्यानं सूज आणि दुखणं. ठोके पुन्हा धावायला लागणं. तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि शेवटच्या दोन-तीन गोष्टींत तर त्याच मिनिटाला. अजून एक प्रकार असतो, ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी हृदयाच्या आवरणाला दाह होतो. श्वास आत घेतला की छातीत टोचतं, बारीक ताप येतो. हाही दाहच, जंतू नाहीत, आणि त्यावर औषध आहे. पण शेजारच्यांना दिलेली कोल्चिसिन या दाहावरच्या गोळीची पट्टी आणून परस्पर सुरू करू नका.

रक्त पातळ करण्याची जी गोळी एएफसाठी लावली आहे, ती ‘आता ठोके नीट आहेत’ म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. कधी थांबवायची ते ईसीजी बघून डॉक्टर सांगतील. हळदीचं दूध चालेल, हळदीच्या अर्काच्या कॅप्सुली त्या गोळीबरोबर नकोत. आणि दाह खरोखर कमी ठेवायचा असेल तर तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत : साखर, आणि तंबाखू. पुडी घरात दिसत नसेलही. स्कूटरच्या डिकीतही बघा.

वन्संचं काय करायचं? त्यांच्याशी वाद घालू नका. भावाला आयसीयूत नळ्यांमध्ये बघून आलेल्या बहिणीला कुणावर तरी राग काढायचा असतो, आणि वांगी समोर होती. मी वर लिहिलेल्या तारखा एका कागदावर उतरवा : तिसऱ्या दिवशी २१२, विसाव्या दिवशी ३१, एकविसाव्या दिवशी वांगी, सत्ताविसाव्या दिवशी १८. कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि चहा टाका. जाऊबाईंना काही सांगू नका, त्या आपण होऊन कागद वाचतील.

राहिली स्कूटर. कापलेलं हाड सहा-आठ आठवड्यांत धरतं, पण नीट मजबूत व्हायला साधारण तीन महिने जातात. हँडल ओढणं, स्टँडवर चढवणं, खड्ड्यातला धक्का, सगळं त्या हाडावर येतं, आणि पावसाळ्यातले आपले खड्डे तुम्हाला माहीतच आहेत. तोवर मागच्या सीटवरही नको. सध्या चालणं, रोज पाच-पाच मिनिटं वाढवत, आणि चालताना बोलता आलं पाहिजे इतकाच वेग. भाऊजी तलावपाळीला जातातच, दोघांनी मिळून जावं. धाकट्यानं थोरल्याशी शर्यत लावायची नाही एवढं मात्र बजावा. दसऱ्याला स्कूटरला हार घालू दे, हवं तर. पण किल्ली त्या दिवशीही तुमच्याकडेच, सर्जननी छाती दाबून बघून ‘चालवा’ म्हणेपर्यंत.